हौश्याची दृष्ट आणि चार कलमं

भाईदासच्या हौश्या बैलानं सकाळपासून वैरणीला तोंड लावलं नव्हतं. दादर ज्वारीचा कडबा पुढं टाकला, त्यानं नाक फिरवलं. सरकी ठेवली, वास घेतला आणि डोळे मिटले. भाईदास गोठ्यात येई, बैलाच्या पाठीवरून हात फिरवी, अंगणात जाई, वाळत घातलेल्या मिरच्यांभोवती एक चक्कर मारी आणि पुन्हा गोठ्यात येई. बायको गेल्यापासून त्याला एका जागी बसवत नसे. आज तर बैलानंही उपास धरला होता.

बायको म्हणजे रेवाबाई. गेल्या पौषात तापानं गेली. तिचं वर्षश्राद्ध आता तोंडावर आलं होतं. मुलगा नव्हता, भाऊ नव्हता. एक मुलगी होती, ती विसरवाडीकडं दिलेली. रेवाबाईला पाणी द्यायचं ते भाईदासनंच, आणि या वर्षात त्यानं मनाशी धरलेली ही एकच गोष्ट होती.

शेजारची दगूबाई कुडावरून डोकावली. नात्यानं चुलत भावजय, जिभेनं सगळ्या गावाची सासू.

"बैल चारा खास नही का, भाईदास?"

"नही ना, वयनी. सकायपाइन तोंड लावं नही."

"पोट दख कितलं फुगेल शे. कोनी नावाजं का त्याले?"

भाईदास थांबला. नावाजलं होतं. आणि साध्यासुध्या माणसानं नव्हे, मामलेदारसाहेबांनी.

इंग्रजांचा अंमल होता. हिवाळा आला की मामलेदार गावोगाव दौऱ्यावर निघत. मामलेदार हेच मॅजिस्ट्रेट, त्यामुळं त्यांचा मुक्काम पडला की गावची चावडी दिवसभर कोर्ट होऊन बसे. इथली चावडी भाईदासच्या गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर. साहेबांची घोडी बांधायला जागा नव्हती, म्हणून घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दारानं ती काल रात्री भाईदासच्या गोठ्यात हौश्याशेजारी बांधली, तिच्यापुढं भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी बादलीभर ठेवली आणि तो झोपायला निघून गेला. घोडी नीट बांधली की नाही हे पाहायला साहेब स्वतः आले होते. त्यांची नजर हौश्यावर पडली.

"वा. काय देखणं जनावर आहे. सबंध तालुक्यात असा बैल नसेल."

एवढं बोलून साहेब गेले. ना थुंकले, ना 'नजर न लागो' म्हणाले.

"मंग दुसरं काय ऱ्हास," दगूबाई म्हणाली. "मोठा मानूसनी नजर बी मोठी. दृष्ट उतारी टाक."

"तू उतारी दे ना, वयनी."

"बैल तुन्हा, घर तुन्हं. घरनाच मानूसनी उतारनी पडस. मीठ, मोहरी, मिरच्या. नजर व्हयी तं मिरचीना ठसका लागस नही. ठसका उना तं समज, नजर नही. आनि एक ध्यानमां ठेव. सुरू करं की बोलानं नही. तीन रस्ता मियतस तठे जाईसन टाकानं, मांगे दखानं नही, घर ईसन पाय धवापर्यंत तोंड उघाडानं नही. मझारमां सोडं तं उतारनारानाच अंगवर येस."

"आनि मिरच्या कितल्या?"

पण तेवढ्यात दगूबाईचं दूध उतू गेलं आणि ती आत पळाली.

रेवाबाई दर अमावास्येला दृष्ट काढायची. किती मिरच्या घ्यायची, हे भाईदासनं कधी पाहिलं नव्हतं. पाच असतील, सात असतील. बायको घरात असेपर्यंत माणूस असल्या गोष्टी मोजत नाही. त्यानं विचार केला, औषधच आहे, जरा जास्त झालं तर काय बिघडणार. आणि अंगणात या सालच्या मिरच्यांचा ढीग पडलाच होता. त्यानं सूप भरून घेतलं.

घमेल्यात गोवऱ्यांचा निखारा केला, हौश्याच्या तोंडावरून सूप ओवाळलं आणि मिरच्या निखाऱ्यावर ओतल्या.

पहिल्याच श्वासाला भाईदासला कळलं की बैलाला नजर लागलेली नाही. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, छाती फुटायला आली, हौश्यानं दावं ओढून मागच्या भिंतीला पाठ लावली. पण आता थांबता येत नव्हतं आणि कोणाला विचारताही येत नव्हतं. त्यानं घमेलं फडक्यानं धरलं आणि तो तिठ्याकडं निघाला.

गावचा तिठा चावडीच्या बरोबर समोर. वारा उत्तरेचा, भाईदासच्या पाठीमागून.

चावडीत तेव्हा बांधाच्या भांडणाचा खटला चालला होता. दोन सख्खे भाऊ, बारा वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे. साहेब जबानी घेत होते, कारकून लिहीत होता. धूर आत शिरला तसा आधी कारकून खोकला, मग शिपाई, मग दोन्ही पक्ष, मग ओट्यावर बसलेलं सगळं गाव. दौत उलटली. साहेबांनी काही हुकूम दिला, तो त्यांच्या घशातच राहिला. ते दोघे भाऊ डोळे मिटून एकमेकांचा हात धरून विहिरीकडं गेले.

शिपाई बाहेर आला. "अरे ए, काय आणलंस ते? विझव आधी."

भाईदास गप्प.

"सरकारी हुकूम आहे. जागचा हलू नकोस."

भाईदासनं तिठ्यावर घमेलं पालथं केलं, वळला आणि मागं न पाहता घराकडं चालू लागला. शिपाई खोकत खोकत त्याच्यामागून. "नाव काय तुझं? कोणी सांगितलं हे करायला? बहिरा आहेस का?" भाईदास चालतच राहिला. घरी आला, रांजणातलं पाणी घेतलं, दोन्ही पाय धुतले, पुसले आणि मग म्हणाला,

"हां. आते बोला, भाऊ. काय म्हनी ऱ्हायनात?"

पण तोवर चावडीत पंचनामा झाला होता. शिपायानं त्याला तिथं नेलं आणि कारकुनानं डोळ्यांवर ओला पंचा धरून त्याला कलमं ऐकवली. हवा दूषित केली, हे एक. कोर्टाच्या कामात अडथळा आणला, हे दुसरं. सरकारी हुकूम मोडला, हे तिसरं. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, हे चौथं. सुनावणी नंदुरबारच्या कचेरीत. तारीख ऐकून भाईदासनं बोटांवर तिथी मोजली. रेवाबाईच्या श्राद्धाचा आदला दिवस होता.

हौश्या दुसऱ्या दिवशी पहाटे आपणहून खाऊ लागला. शेण भरताना भाईदासला त्यात अख्खे हरभरे दिसले. दगूबाईनं काही चारलं असेल, असं म्हणून त्यानं ते उकिरड्यावर टाकलं. त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं.

गावात उखा नावाचा माणूस होता. त्याच्यावर तीन खटले झाले होते आणि तिन्हींत त्याला शिक्षा झाली होती, म्हणून कायदा त्यालाच कळतो असं सगळं गाव धरून चालत असे. भाईदास त्याच्याकडं गेला. बसला नाही, उभ्याउभ्याच बोलला.

"सोपं शे," उखा म्हणाला. "सांग, मी घर नव्हतू."

"सबन गावनी दखं ना माले."

"मंग सांग, ठेचा करी ऱ्हायंतू."

"सूपभर मिरच्यांना? आनि तो चौकमां लई जाईसन वती दिन्हा?"

उखानं जरा विचार केला. "मंग सांग, डोकं फिरेल शे. बायको मरनी की मानूसनं फिरस."

भाईदास जायला वळला. उखालाही आपण काय बोललो ते कळलं. त्यानं तंबाखूची पिशवी पुढं केली. "मी साक्ष देसू तुन्हाकडतीन. धूर व्हताच नही असं सांगसू. मन्हा काय, मी तुरुंग दखेल शे."

"तुरुंगनं काही नही रे," भाईदास म्हणाला. "पन एक दिवस चुकाले नको."

नंदुरबारला प्रेमचंद वकील मिरची बाजाराच्या तोंडाशी बसत. त्यांच्या माडीवर आलेला प्रत्येक पक्षकार आधी शिंकायचा आणि मग बोलायचा. भाईदासनं फी म्हणून मिरच्यांची टोपली पुढं केली. वकिलांनी नाकाला रुमाल लावून ती जिन्याकडं सरकवली.

"बस, भाई. बस ना. येरझारा नको घालू, मला चक्कर येते. हे बघ, फौजदारी खटल्यात दोन गोष्टी बघतात. हातानं काय केलं आणि मनात काय होतं. हातानं केलं ते तर सगळ्यांनी बघितलं. आता मनात काय होतं ते सांग."

"दृष्ट उतारानी व्हती."

"चांगलं आहे. वाईट हेतू नव्हता, चालत आलेली रीत होती, असं म्हणता येईल. दृष्ट कोणाची?"

"बैलनी."

"बैलाची काढली. लागली कोणाची?"

भाईदास खिडकीकडं बघू लागला.

"अरे बोल, वकिलापासून काय लपवायचं?"

"मामलेदार सायेबनी."

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे तू अजून कोणाला बोललास?"

"वयनीले ठाऊक शे."

"मग ऐक. तुझ्यापुढं तीन वाटा. गुन्हा कबूल करशील तर साहेबांच्या मर्जीवर, दंड म्हणतील नाहीतर आत टाकतील. नाकबूल करून हेतू सांगशील, तर मॅजिस्ट्रेटच्या तोंडावर सांगशील की तुमची नजर वाईट. चार कलमांची पाच होतील. तिसरी वाट म्हणजे गप्प राहा. कायद्यानं आरोपीवर बोलायची सक्ती नाही. साक्षी उलटसुलट होऊ दे, पुढचं मी बघतो."

"पन मी तठे गप्प ऱ्हायनू म्हनीसनच तं चौथं कलम लागनं ना?"

"तिथं गप्प राहणं गुन्हा होता," वकील म्हणाले. "इथं गप्प राहणं हक्क आहे. चौकात आणि कोर्टात एवढाच फरक."

भाईदासला तो फरक कळला नाही, पण गप्प राहणं त्याला जमत होतं. वर्षभर घरात तो दुसरं काय करत होता.

सुनावणीच्या दिवशी त्यानं अंधारातच गाडी जुंपली. उखा आणि साक्षीसाठी बोलावलेली दगूबाई मागं बसली. श्राद्धाचं सामान त्यानं आदल्या दिवशीच मांडून ठेवलं होतं. सारखं मागं वळून सूर्य किती वर आला ते तो बघत होता.

"तेवढा वयी वयी दखशी तं मान मोडी जाई," दगूबाई म्हणाली. "सूर्य काही पयी जास नही."

कचेरी भरली. भाईदास पिंजऱ्यात गप्प उभा राहिला. पहिली साक्ष दगूबाईची. सरकारी वकिलानं विचारलं, "आरोपी घमेलं घेऊन जात होता ते तुम्ही पाहिलं?"

"दखं ना. दृष्ट उतारी ऱ्हायंता बिचारा. सायेबनी बैलले नावाजं नव्हतं का आदला दिवस."

प्रेमचंद वकिलांनी डोळे मिटले. साहेबांनी लेखणी खाली ठेवली.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "माझी नजर लागली, असं तुमचं म्हणणं?"

"नही ना, सायेब. मी तं उलटं सांगी ऱ्हायनू. नजर ऱ्हाती तं मिरचीना ठसका लागताच ना. आठे तं सबन गाव खोकी खोकी आडवं पडनं. ठसका उना म्हनजे तुम्हनी नजर निर्मय. गंगानं पानी."

साहेबांचा चेहरा जरा सैल झाला. आणि तिथून खटला भलत्याच वाटेला लागला.

दुसरा साक्षीदार शिपाई. त्यानं आदल्या दिवशी वकिलांच्या पायरीवर बसून 'थोडाफार धूर होता' असं सांगायचं कबूल केलं होतं. आता त्यानं साहेबांकडं पाहिलं आणि म्हणाला, "काय सांगू, साहेब. ठसका असा की जीव जातो म्हटलं. अजून रात्री उठून खोकतो." कारकून म्हणाला, उभ्या नोकरीत असा ठसका त्यानं अनुभवला नव्हता. बांधाच्या खटल्यातले दोघे भाऊ एकत्र उभे राहिले आणि दोघांनी मिळून सांगितलं की डोळे आठ दिवस सुजलेले होते. जो तो साहेबांची नजर जास्त जास्त निर्मळ करत होता, आणि जितकी ती निर्मळ होत होती तितका भाईदास तुरुंगाच्या जवळ सरकत होता.

उरला बचावाचा साक्षीदार, उखा. धूर नव्हताच, असं सांगायला तो आला होता. तो पुढं आला, वकिलांकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं.

"धूर होता की नव्हता?" साहेबांनी विचारलं.

"मी गावमांच नव्हतू, सायेब," उखा म्हणाला, आणि जाऊन बसला.

प्रेमचंद वकील उठले. "साहेब, एक कायद्याचा मुद्दा आहे. त्या वेळी कोर्टालाही ठसका लागला असेल, तर कोर्टच या खटल्यात साक्षीदार ठरतं आणि साक्षीदाराला न्याय करता येत नाही. आणि कोर्टाला लागला नसेल, तर मग..." पुढचं त्यांनी सभ्यपणे सोडून दिलं.

साहेबांनी छताकडं पाहिलं. ठसका लागला म्हणावं तर खटला हातातून जात होता. नाही म्हणावं तर नजरेचा निर्मळपणा जात होता.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "मुद्दा बरोबर आहे. आरोपीला आणि कागदांना आजच शिपायाबरोबर धुळ्याला रवाना करा. तिथलं कोर्ट बघेल."

वकिलांना आनंद झाला. त्यांनी भाईदासला हळूच डोळा घातला. पण भाईदासच्या कानात एकच शब्द शिरला होता. धुळे. आज निघायचं म्हणजे उद्या धुळ्याला.

"सायेब," तो म्हणाला.

"गप्प," वकील पुटपुटले. "हक्क आहे तुझा."

"हक्क तुम्हनाकडे ऱ्हाऊ द्या, वकीलसायेब. सायेब, गुन्हा कबूल. मी मिरच्या निखारावर जायात. सूपभर जायात. मन्ही बायको कितल्या लेये ते माले ठाऊक नव्हतं. उद्या तिन्हं वर्षश्राद्ध शे. पानी देवाले मन्हाबिगर कोनी नही. परवा तुम्ही म्हनशात तठे येसू, धुळे बी येसू, पायपाय येसू. तेवढा उद्याना दिवस सोडा."

कचेरीत कोणी खोकलं नाही. साहेबांनी लेखणी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली.

"कबूल आहे ना? मग धुळ्याला कशाला," ते म्हणाले. "तीन कलमं काढून टाका. कोर्टाच्या कामात अडथळा, एवढं एकच ठेवा. कोर्ट उठेपर्यंत साधी कैद."

'कैद' ऐकून भाईदासनं पुन्हा बोटांवर तिथी मोजली. वकिलांनी त्याच्या कानाशी येऊन सांगितलं, "अरे, आजचं कामकाज संपेपर्यंत त्या कोपऱ्यात बसायचं. संपलं की घरी."

भाईदास कोपऱ्यात बसला. आयुष्यात इतका वेळ एका जागी तो कधी बसला नसेल. एक खटला संपला की त्याला वाटे आता उठतील, आणि साहेब पुढचे कागद ओढत. उखा दारातून बोटांनी खुणा करत होता की मन्हा टाइमले बी असंच व्हतं. ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. अखेर साहेबांनी दप्तर बांधायला सांगितलं. कोर्ट उठलं. कोर्टाच्या आधी भाईदास उठला होता.

ओसरीवर शिपायानं त्याला अडवलं. "साहेब बोलावताहेत. एकटा ये."

साहेब खांबाला टेकून उभे होते. आता ते कोर्टातल्यासारखे दिसत नव्हते.

"हे बघ, माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण घरात एकच धोशा चालला आहे. तुमच्या गावच्या मुक्कामापासून घोडीचं काहीतरी बिनसलं. मोतद्दार शपथेवर सांगतो की त्या रात्री चंदी बादलीभर ठेवली होती. सकाळी बादली चाटूनपुसून साफ. तरी घोडी अशी उपाशी की दोरीवरचं माझं धोतर खाल्लं आणि कारकुनाला चावली. खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणजे नजरच, असं आमच्या घरी म्हणतात. मोतद्दार तेव्हापासून दुप्पट हरभरा नेतो. तुझ्याच गोठ्यात होती ती. तुला काय वाटतं, काय झालं असेल?"

भाईदासच्या डोळ्यांपुढं बादली आली. तिच्या शेजारचं हौश्याचं लांब दावं आलं. दगूबाईनं दाखवलेलं फुगलेलं पोट आलं. उकिरड्यावर टाकलेलं शेण आलं. त्यानं तोंड उघडलं. मग त्याला साहेबांच्या घोडीची चंदी, ती खाणारा बैल आणि बैलाचा मालक अशी कलमं ओळीनं उभी राहिलेली दिसली आणि त्यानं तोंड मिटलं. कोर्ट उठलं होतं, पण हक्क काही उठला नसावा.

साहेबांनी वाट पाहिली. "बरं, राहू दे. निदान एवढं सांग, तुझी बायको मिरच्या किती घ्यायची?"

"तेच तं, सायेब," भाईदास म्हणाला. "तेच तिले इचारानं ऱ्हायी गयं."

दुसऱ्या दिवशी त्यानं श्राद्ध घातलं. भटजींनी सांगितलं तसं सगळं केलं, आणि वर रेवाबाईला आवडायची म्हणून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचाही पानावर वाढला. ठेचा त्यानं स्वतः कुटला होता. पान परसात ठेवलं, शेजारी पाण्याची वाटी ठेवली. दगूबाई जरा लांब उभी होती. भाईदास पानाजवळ वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "घोडीना हरभरा आपला हौश्यानी खादा व्हता, रेवा. मी कोनले सांगं नही. तू बी सांगू नको."

तो मागं सरला. कुडावरून कावळा उतरला. त्यानं भात पाहिला, वडा पाहिला, ते सोडून ठेचा लावलेल्या भाकरीचा तुकडा उचलला आणि गिळला. क्षणभर तो पंख अर्धवट उघडून तसाच उभा राहिला. मग उडी मारून वाटीपाशी गेला आणि चोच बुडवून पाणी प्यायला लागला. वाटी कोरडी होईपर्यंत पीतच राहिला.

ठेच्यात मिरच्या किती घालायच्या, हेही भाईदासनं कधी विचारलं नव्हतं.

दगूबाईनं पदरानं डोळे पुसले. "पोचनं, भाईदास," ती म्हणाली. "सबन पानी पोचनं."